घरी जिन आणि लिंबाचे साधे कॉकटेल: आपल्या कागदी लिंबाचे प्रमाण कसे धरावे?

सदरबझार_सातारा

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात माझी नणंद आणि तिचे यजमान साताऱ्याला मुक्कामी येणार आहेत. जेवणाआधी एखादा ग्लास घेण्याची दोघांनाही आवड आहे, परंतु व्हिस्की आणि बिअर या दोन्हींचा त्यांना कंटाळा आलेला असल्यामुळे या वेळी जिन आणि लिंबू यांचे, ‘गिमलेट’ या नावाने ओळखले जाणारे साधे कॉकटेल घरीच करावे असे आम्ही ठरवले आहे. बाटली आणण्याची जबाबदारी आमच्या ह्यांच्याकडे आहे. बाकीचे सगळे माझ्याकडे आहे, आणि पाहुण्यांसमोर अंदाजपंचे काही करण्यापेक्षा आधी नीट समजून घ्यावे म्हणून हा धागा काढत आहे.

अडचण अशी की, मला मिळालेल्या जवळजवळ सर्व कृती परदेशी आहेत. त्यांत ‘एका लिंबाचा रस’ असे बिनधास्त लिहिलेले असते, पण सोबतच्या चित्रातले लिंबू मोठे, हिरवेगार आणि बिनबियांचे दिसते. राजवाड्याजवळच्या मंडईत मला मिळते ते पातळ सालीचे, बियांनी भरलेले कागदी लिंबू. मग परदेशी कृतीतल्या एका लिंबाच्या जागी आपली किती लिंबे धरायची? दुसरे असे की, काही कृतींमध्ये ताज्या रसाऐवजी ‘लाइम कॉर्डियल’, म्हणजे साखर घालून टिकवलेला लिंबाचा रस, वापरायला सांगितले आहे. ते इथे दुकानात सहज मिळत नाही, आणि मिळाले तरी रंग घातलेले हिरवे पाणी पाहुण्यांना द्यावे असे मला वाटत नाही. ते घरी करता येते का? तिसरा प्रश्न उपकरणांचा आहे. माझ्याकडे शेकर (पेय बर्फासह हलवण्याचे झाकणाचे भांडे) नाही, जिगर (मद्य मोजण्याचे छोटे माप) नाही, आणि एका संध्याकाळसाठी ते विकत घेण्याची इच्छाही नाही. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, काचेची बरणी, चहाची गाळणी आणि फ्रिजमधला बर्फ एवढ्या सामग्रीवर हे जमेल का?

कृपया ‘चवीनुसार घाला’ असे उत्तर देऊ नये. चव मला कळते, पण सुरुवात कुठून करायची त्याचे माप हवे आहे.

तासगावचा_बेदाणा

ताई, तुम्ही साध्या गोष्टीचा फार विचार करत आहात असे मला प्रामाणिकपणे वाटते. उंच ग्लासात भरपूर बर्फ घ्यावा, त्यावर साठ मिली जिन ओतावी, एका लिंबाचा रस पिळून तेच लिंबू ग्लासात टाकावे आणि वरून थंड सोडा भरावा. साखर नको, पाक नको, डबा हलवत बसणे नको. या प्रकाराला ‘रिकी’ म्हणतात आणि तो अमेरिकेतल्या वॉशिंग्टन शहरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जन्माला आला; आधी तो बर्बन व्हिस्कीचा होता, पुढे जिनचा अधिक लोकप्रिय झाला. आमच्या तासगावच्या उन्हाळ्यात तर गोड कॉकटेल घशाखाली उतरत नाही, असा माझा अनुभव आहे.

विश्रामबाग_सांगली

बेदाणासाहेबांनी सांगितलेले पेय उत्तमच आहे, परंतु ताईंनी गिमलेट विचारले आहे आणि गिमलेट हे लहान ग्लासातले, बर्फ गाळून दिलेले, आंबटगोड आणि कडक पेय असते. मी बरीच वर्षे हॉटेल व्यवसायात, त्यातही पेयांच्या विभागात काढलेली असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम लिंबाविषयी, कारण या पेयात बाटलीपेक्षा लिंबूच निर्णायक ठरते आणि लोक नेमके उलट समजतात. परदेशी चित्रात दिसते ते ‘पर्शियन’ किंवा ‘ताहिती’ लिंबू. ते आकाराने मोठे, बहुधा बिनबियांचे असून त्यातून साधारण तीस मिली रस निघतो. आपल्या मध्यम कागदी लिंबातून पंधरा ते वीस मिली रस मिळतो. म्हणजे कृतीत ‘एक लिंबू’ असेल तिथे हिशेबाने आपली दीड ते दोन लिंबे येतात; पण आपले लिंबू चवीला अधिक आंबट आणि वासाला अधिक तीव्र असल्यामुळे रस तेवढाच घातला तर पेय दात आंबवते. म्हणून लिंबे मोजू नयेत, रस मोजावा. माझे सुरुवातीचे माप असे: जिन साठ मिली, कागदी लिंबाचा गाळलेला रस वीस मिली, साखरपाणी वीस मिली. लिंबे ऐन उन्हाळ्यातली, लहान आणि कडक असतील तर रस पंधरा ते सतरा मिलीवर आणावा.

आता एक गंमत सांगतो, कारण ती तुमच्या शंकेशी थेट संबंधित आहे. हे पेय मूळ ज्या लिंबावर उभे राहिले ते लिंबू आपल्याच जातीचे होते. लांबच्या सफरींत खलाशांना स्कर्व्ही होई, आणि लिंबूवर्गीय फळांनी तो बरा होतो हे जेम्स लिंड या नौदलातील डॉक्टरने १७४७ मध्ये बोटीवरच्या रुग्णांवर प्रयोग करून दाखवले होते. पुढे १८६७ मध्ये ब्रिटनने व्यापारी जहाजांवर लिंबाचा रस देणे कायद्याने बंधनकारक केले आणि त्याच वर्षी लॉकलन रोझ या स्कॉटिश व्यावसायिकाने मद्य न घालता, साखरेच्या आधाराने लिंबाचा रस टिकवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. तेच ते कॉर्डियल. अधिकाऱ्यांच्या वाट्याला जिन येई आणि तिच्यात हे कॉर्डियल मिसळले जाई. त्यासाठी लागणारी लिंबे वेस्ट इंडीजमधून येत, आणि ते वेस्ट इंडियन लिंबू म्हणजे आपले कागदी लिंबूच. आशियातून निघून अरब आणि स्पॅनिश लोकांच्या हातून ते तिकडे पोचले होते. तेव्हा ताई, तुमच्या मंडईतले लिंबू हा पर्याय नाही. परदेशातले आजचे मोठे लिंबू हाच पर्याय आहे.

कॉर्डियल घरी सहज होते आणि माझ्या मते तेच करावे, कारण ताज्या रसात जी एक गोष्ट नसते ती त्यात येते, ती म्हणजे सालीतला सुगंध. सात-आठ ताजी, शक्यतो हिरवट लिंबे धुऊन, पुसून कोरडी करावीत आणि बारीक किसणीवर फक्त वरची हिरवी साल किसून घ्यावी. खालचा पांढरा भाग येऊ देऊ नये; सगळा कडवटपणा तिथे असतो. कागदी लिंबाची साल पातळ असल्यामुळे हात हलका ठेवावा लागतो. हा कीस दोनशे ग्रॅम साखरेत घालून बोटांनी चांगला चोळावा आणि झाकून दोन-तीन तास ठेवावा. साखर सालीतले तेल ओढून घेते आणि ओलसर, सुवासिक होते. मग त्यात पंधरा-सोळा लिंबांचा, म्हणजे सुमारे अडीचशे मिली, गाळलेला रस घालून साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावे. गॅसवर ठेवू नये. उष्णतेने रसाची चव शिजल्यासारखी होते, आणि हे सरबताच्या पाकाचे काम नाही. शेवटी बारीक गाळणीतून किंवा मलमलच्या फडक्यातून गाळून स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवावे. साधारण पावणेचारशे मिली कॉर्डियल होते. चव आठवडाभर उत्तम राहते. त्यापुढे ती खराब होते असे नाही, पण सुगंध उतरत जातो.

हे कॉर्डियल वापरताना साखरपाणी आणि रस वेगळे घालायचे नाहीत. साठ मिली जिनला तीस मिली कॉर्डियल, एवढेच. त्या तीस मिलीत सुमारे वीस मिली रस आणि सोळा ग्रॅम साखर असते. ताज्या रसाच्या कृतीत साखर बारा ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे कॉर्डियलचे गिमलेट थोडे अधिक गोड लागणार. ते नको असेल तर पाच मिली ताजा रस वरून घालावा.

मापासाठी जिगर नको. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर येणारे प्लॅस्टिकचे झाकण पाहा, त्यावर पाच, दहा, पंधरा मिलीच्या रेषा असतात. औषधाचा वास जाईपर्यंत गरम पाण्याने धुऊन घ्यावे म्हणजे झाले.

सदरबझार_सातारा

मनापासून आभार. औषधाच्या झाकणाची कल्पना मला स्वतःला सुचायला हवी होती, असे आमच्या सासूबाईंनी ऐकवले आहे. तीन उपप्रश्न. साखरपाणी म्हणजे नेमके किती घट्ट? एकतारी पाक चालेल का? माझ्याकडे सासरचा पितळेचा, झाकणाचा एक सुरेख गडू आहे. डब्याऐवजी त्यात हलवले तर दिसायला छान दिसेल, ते योग्य आहे का? आणि बर्फ किती वेळ हलवायचा? कोणी दहा सेकंद म्हणते, कोणी हात गारठेपर्यंत.

प्रयोगवही_कराड

पितळेचा गडू कृपया वापरू नये. लिंबाचा रस चांगलाच आम्लधर्मी असतो आणि पितळेत तांबे असते. कल्हई नसलेल्या किंवा कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो हे आपल्या घरांत पूर्वापार ठाऊक आहे. कल्हई ताजी असली तरी आत बर्फाचे खडे आपटणार, म्हणून ती भरवशाची धरू नये. स्टील किंवा जाड काच हेच योग्य. काचेची बरणी असेल तर ती गरम पाण्याने धुऊन लगेच बर्फ घालू नये, तडकते.

साखरपाण्याला एकतारी पाक नकोच, तो फार दाट होतो आणि गार मिश्रणात तळाशी बसतो. शंभर ग्रॅम साखर शंभर मिली कोमट पाण्यात विरघळवून गार करावी, बस. कोरडी साखर थेट जिनमध्ये घालण्याचा मोह टाळावा. साखर पाण्यात जितकी सहज विरघळते तितकी मद्यार्कात विरघळत नाही, त्यातून सगळे गारेगार असले तर ती ग्लासाच्या तळाशी कचकचत राहते.

बर्फाचा प्रश्न मात्र मला विशेष आवडला, कारण त्याचे उत्तर सेकंदांत देता येत नाही. डब्यात बर्फ हलवताना पेय गार होते ते बर्फ वितळल्यामुळे, आणि जेवढा बर्फ वितळतो तेवढे पाणी पेयात येते. म्हणजे पाणी हा या पेयाचा चौथा घटक आहे, फक्त कोणी तो मापून घालत नाही. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ३३४ जूल उष्णता शोषून घेतो. विश्रामबाग यांच्या मापाने मिश्रण शंभर मिली होते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत स्वयंपाकघरातल्या सर्व वस्तू ३५ अंशांच्या आसपास असतात. तिथून ते शून्यावर आणायलाच जवळजवळ चाळीस ग्रॅम बर्फ वितळतो, आणि मद्यार्कामुळे मिश्रण शून्याखाली चार-पाच अंश जाते त्याचे पाणी वेगळे. असे पेय पाणचट होणार. उलट, सर्व काही फ्रिजमधून आठ अंशांवर काढले तर शून्यापर्यंत दहा ग्रॅमही बर्फ वितळत नाही, मग पेय गार होते पण घशाला भाजते. परदेशी कृती वीस-बावीस अंशांच्या खोलीसाठी लिहिलेली असते आणि तिथे हे पाणी आपोआप सत्तावीस-तीस मिली येते. आपल्याकडे तोच परिणाम हवा असेल तर एक सोपा मार्ग आहे: उन्हाळ्यात जिनची बाटली फ्रिजमध्ये ठेवावी, रस आणि साखरपाणी मात्र बाहेरचेच वापरावे. गणित पुन्हा सत्तावीसच्या आसपास येते. कॉर्डियल वापरणार असाल तर ते फ्रिजमध्येच असणार. मग बाटली बाहेर ठेवावी. हिवाळ्यात साताऱ्याला हा विचार करण्याची गरज नाही.

हलवण्याविषयी: डबा निम्म्याहून अधिक बर्फाने भरावा, झाकण घट्ट लावून वर फडके गुंडाळावे आणि जोरात पंधरा सेकंद हलवावे. बाहेरून दव धरले, डबा हातात धरवेनासा झाला की पुरे. बर्फ कमी घेतला तर पाणी कमी येईल हा समज चुकीचा आहे. कमी बर्फ पूर्ण वितळून जातो, पेय धड गारही होत नाही आणि पाणी तेवढेच येते. घरच्या फ्रिजमधले खडे लहान आणि पृष्ठभागावर ओले असतात, म्हणून ते अगदी शेवटच्या क्षणी बाहेर काढावेत. फ्रीजरमध्ये उघडे मटण-मासे असतील तर बर्फाला त्याचा वास लागतो. ट्रे झाकून ठेवावा. बोअरच्या पाण्याचा बर्फ टाळावा, क्षारांची चव लिंबाशी भांडते.

गाळताना चहाची गाळणी उत्तम काम देते. बर्फाचा चुरा आणि लिंबाचा गर दोन्ही अडकतात.

वाईकर_घाटावरून

एक सूचना आणि एक मतभेद मांडतो. सूचना अशी की, चिमूटभर मीठ घालून पाहावे. आपण लिंबाच्या सरबतात मीठ घालतो ते केवळ सवयीने नव्हे; मिठामुळे कडवटपणा दबतो आणि गोडी उठून दिसते. इथे मात्र सरबताइतके नको, दोन बोटांत मावेल त्याच्या निम्मे.

मतभेद साखरेविषयी आहे. आपल्या भागात, विशेषतः कराडकडे, इतका चांगला गूळ मिळत असताना पांढरी साखर कशाला? आणि सातारा जिल्ह्यातले ताजे आले किसून त्याचा चमचाभर रस घातला तर पेयाला आपल्या मातीची चव येईल.

विश्रामबाग_सांगली

मिठाला माझे पूर्ण अनुमोदन आहे. गूळ आणि आले यांना या पेयापुरता विरोध आहे, आणि तो अभिमानाचा प्रश्न न करता सांगतो. जिनचा गाभा म्हणजे जुनिपर हे छोटे, फळासारखे दिसणारे शंकू, आयुर्वेदात ज्यांना हपुषा म्हणतात. त्यासोबत धने, लिंबूवर्गीय साली, अँजेलिका नावाच्या वनस्पतीचे मूळ असे घटक तटस्थ मद्यार्काबरोबर ऊर्ध्वपातनात घातले जातात. हा सगळा सुगंध हलका आणि उडून जाणारा असतो. गूळ त्याच्यावर सरळ बसतो आणि रंगही गढूळ करतो. गूळ-आले-लिंबू ही जोडी रमबरोबर घालावी, तिथे ती खरोखर सुंदर लागते. इथे पांढऱ्या साखरेचे काम आहे ते एवढेच की, तिला स्वतःचे काही म्हणायचे नसते.

जिन निवडण्याविषयी ताईंनी थेट विचारलेले नाही, तरी सांगतो. बाटलीवर ‘लंडन ड्राय’ लिहिलेले असले तर ती लंडनची असते असे नाही. ती करण्याची पद्धत आहे आणि तिच्यात नंतर गोडी किंवा वास घालता येत नाही. गिमलेटसाठी हीच जात बरी. गेल्या काही वर्षांत गोव्यात तयार होणाऱ्या ‘ग्रेटर दॅन’ किंवा ‘स्ट्रेंजर अँड सन्स’ यांसारख्या भारतीय जिन चांगल्या आहेत आणि या पेयाला पुरेशा आहेत. गुलाबी, स्ट्रॉबेरीच्या वा आंब्याच्या वासाची जिन मात्र इथे नको. महागडी परदेशी बाटली घेऊन ती लिंबाखाली झाकण्यातही अर्थ नाही.

परवाना_आहे_का

गोव्याचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. जिन गोव्यात तयार झालेली असणे आणि गोव्यात विकण्यासाठीची बाटली इकडे आणणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ‘येताना गोव्याहून दोन बाटल्या आणतो, स्वस्त पडते’ असे सांगली-साताऱ्यात सर्रास ऐकू येते, परंतु परवान्याशिवाय ती राज्यात आणणे हा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार गुन्हा आहे आणि वाहनही जप्त होऊ शकते. हाच कायदा मद्य विकत घेण्यासाठी, बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठीही वैयक्तिक परवाना आवश्यक ठरवतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे ऑनलाइन अर्जही करता येतो. जिनसारख्या कडक मद्यासाठी वय २५ पूर्ण असावे लागते. ताईंच्या घरी पिणाऱ्या प्रत्येकाकडे परवाना असलेला बरा. आजीवन परवाना एकदा काढला की विषय संपतो.

तासगावचा_बेदाणा

परवान्याचे ठीक आहे, पण कुणी कडकपणाबद्दल बोलत नाही याचे आश्चर्य वाटते. हे पेय सरबतासारखे लागते आणि सरबताच्या वेगाने संपते. मी सोड्याचा आग्रह धरला तो त्यासाठी.

प्रयोगवही_कराड

बेदाणासाहेबांचा मुद्दा रास्त आहे, आकडेही तेच सांगतात. भारतात मिळणारी जिन बहुधा ४२.८ टक्के मद्यार्काची असते. साठ मिलीत त्यामुळे सुमारे पंचवीस मिली शुद्ध मद्यार्क असतो, म्हणजे वजनाने वीस ग्रॅम. पाच टक्क्यांच्या ३३० मिली बिअरच्या पाइंटमध्ये साडेसोळा मिली असतो. एक लहानसा ग्लास म्हणजे दीड पाइंट. गाळून दिलेल्या गिमलेटमध्ये मद्यार्क वीस टक्क्यांच्या आसपास राहतो, वाइनपेक्षा बराच अधिक. त्याच मिश्रणात दीडशे मिली सोडा घातला तर तो दहा टक्क्यांच्या खाली येतो, पण पोटात जाणारा मद्यार्क तेवढाच असतो, फक्त पिण्याचा वेग मंदावतो. माझी सूचना अशी की, घरी करताना पंचेचाळीस मिली जिन, पंधरा मिली रस आणि पंधरा मिली साखरपाणी घ्यावे. चव तीच राहते, ग्लास लहान दिसतो इतकेच. उपाशीपोटी देऊ नये. मधुमेहाची औषधे, झोपेच्या गोळ्या किंवा मेट्रोनिडाझोलसारखे प्रतिजैविक चालू असणाऱ्याला अजिबात देऊ नये. आणि ज्याला घाट उतरून पुण्याला गाडी चालवायची आहे त्यालाही नाही.

आणखी एक गोष्ट, जी कृतींमध्ये कधी लिहिलेली नसते. लिंबाच्या सालीत काही द्रव्ये अशी असतात की, ती त्वचेवर राहून त्यावर ऊन पडले तर भाजल्यासारखे डाग उठतात आणि ते काही आठवडे टिकू शकतात. दुपारी वीस लिंबे किसून, पिळून तशाच हातांनी गच्चीवर कपडे काढायला जाऊ नये. साबणाने हात कोपरापर्यंत धुवावेत.

सदरबझार_सातारा

सर्वांचे आभार. ठरले ते असे: कॉर्डियल आदल्या दिवशी करीन, बाटली त्यामुळे बाहेरच ठेवीन, पंचेचाळीस मिलीचे माप धरीन आणि स्टीलचा डबा वापरीन, गडू शोभेपुरता फुले ठेवायला घेईन. आता शेवटचे दोन प्रश्न. सासूबाई आणि माझी मुलगी मद्य घेत नाहीत, त्यांनाही त्याच प्रकारचे काही देता येईल का? आणि चौघांचे एकदम करून फ्रिजमध्ये ठेवले तर चालेल का, की प्रत्येक वेळी स्वयंपाकघरात उठून जावे लागेल?

विश्रामबाग_सांगली

दोन्ही होईल. मद्य न घेणाऱ्यांसाठी तीस मिली कॉर्डियल, दीडशे मिली थंड सोडा, चिमूट मीठ आणि बर्फ. त्यात थोडे ठेचलेले धने दहा मिनिटे भिजवून गाळून घेतलेले पाणी चमचाभर घातले तर जिनचा थोडा सुगंधही येतो. सालीच्या तेलामुळे हे नेहमीच्या सरबताहून वेगळे लागेल. सासूबाईंना ते आवडले तर उरलेले कॉर्डियल त्यांच्याकडेच जाईल याची तयारी ठेवावी.

चौघांसाठी एकदम करायचे असेल तर एकशे ऐंशी मिली जिन, नव्वद मिली कॉर्डियल, आणि बर्फ हलवायचा नसल्यामुळे त्याचे येणारे पाणी म्हणून पंच्याऐंशी मिली पिण्याचे थंड पाणी, एवढे बाटलीत एकत्र करून तीन-चार तास फ्रिजमध्ये ठेवावे. ही मापे पंचेचाळीस मिलीच्या चार ग्लासांची आहेत. शेवटचा अर्धा तास बाटली फ्रीजरमध्ये ठेवली तर डब्यात हलवल्याइतकी गार होते. रात्रभर मात्र ठेवू नये, पाणी मिसळलेले हे मिश्रण घट्ट होऊ लागते. ग्लासही फ्रिजमध्ये ठेवावेत. ताज्या रसाची कृती अशी आधी करून ठेवू नये, कारण पिळलेल्या रसाचा ताजेपणा काही तासांत उतरतो आणि त्याला कडवट छटा येते. आणि रस काढताना लिंबू पिळणीत चेचून शेवटचा थेंब काढण्याचा अट्टहास करू नये. त्या शेवटच्या थेंबांत पांढऱ्या सालीचा आणि बियांचा कडवटपणा असतो. दोन लिंबे जास्त आणावीत.

पाहुण्यांना दुसऱ्या ग्लासाची इच्छा झाली तर तो बेदाणासाहेबांच्या पद्धतीने, सोडा घालून द्यावा.

तासगावचा_बेदाणा

हे मात्र बरोबर बोललात. सोड्याची बाटली लहान घ्यावी, मोठी उघडली की अर्धी वाया जाते.